ऑपरेशनआधीची तपासणी: ‘फिट’ लिहिण्यापूर्वी काय विचारायचं, काय पाहायचं, काय बदलायचं

पेशंट समोरच्या खुर्चीत बसतो, फाईल टेबलावर सरकवतो आणि म्हणतो, “सर्जननी फिटनेस आणायला सांगितलंय.” फाईलमध्ये ईसीजी असतो, छातीचा एक्स-रे असतो, रक्ताच्या रिपोर्टांची चळत असते. पीएसीला, म्हणजे भूल देण्याआधीच्या तपासणीला, नव्याने बसलेला डॉक्टर कागद उलटतो, ‘नॉर्मल’ अशा खुणा करतो आणि खाली ‘फिट’ लिहून सही करतो. ज्याच्या उत्तराने ऑपरेशन अधिक सुरक्षित झालं असतं, तो प्रश्न मात्र विचारलाच गेलेला नसतो.

हा लेख त्या नव्या डॉक्टरसाठी आणि पीएसीची पूर्वतयारी करणाऱ्या नर्ससाठी आहे. पेशंट किंवा त्यांच्या घरच्यांनी वाचला तर आपल्याला इतके प्रश्न का विचारतात हे त्यांनाही कळेल. एक गोष्ट आधी सांगतो. या खुर्चीतून तीनच गोष्टी ठरवायच्या असतात: या माणसाला या ऑपरेशनात धोका कशाचा आहे, त्यातलं काय आधी सुधारता येईल, आणि जे सुधारणार नाही त्यासाठी त्या दिवशी काय तयार ठेवायचं. सापडलेली प्रत्येक गोष्ट या तिन्हींपैकी एका खणात पडली पाहिजे. कुठेच पडत नसेल तर ती लिहिण्यात वेळ घालवू नका.

पेशंटला हाक मारण्याआधी

फाईल उघडून आधी ऑपरेशन कुठलं ते पाहा. थेंब टाकून होणारं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि पोटाच्या वरच्या भागातलं मोठं ऑपरेशन यांत शरीरावर येणारा ताण इतका वेगळा आहे की तोच पेशंट एकासाठी निर्धास्त आणि दुसऱ्यासाठी धोक्याचा असू शकतो. किती रक्त जाईल, किती वेळ लागेल, पेशंट पालथा झोपवणार का, पोटात वायू भरून दुर्बिणीने करणार का, हे सर्जनला विचारून घ्या. अंदाजाने लिहू नका.

मग घाई किती आहे ते बघा. पोटात आतडं फुटलं असेल तर तपासणी दहा-पंधरा मिनिटांत, उपचार सुरू ठेवूनच करायची असते. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धाचं ऑपरेशन 36 ते 48 तासांत व्हावं असा प्रयत्न असतो, कारण पडून राहिल्याने न्यूमोनिया, रक्ताच्या गाठी आणि भ्रम वाढत जातात. अशा वेळी ‘एको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्याशिवाय घेणार नाही’ म्हणत दोन दिवस घालवणं हाच मोठा धोका ठरतो. उलट, ठरवून करायच्या मोठ्या ऑपरेशनची तपासणी आदल्या संध्याकाळी करण्याला फारसा अर्थ नाही. कमी हिमोग्लोबिन रात्रीतून वाढत नाही आणि सिगारेटने बिघडलेली फुप्फुसंही रात्रीतून सुधारत नाहीत. मोठं ऑपरेशन असेल तर पेशंट काही आठवडे आधी तुमच्यासमोर आला पाहिजे.

पहिला प्रश्न: याआधी भूल दिली होती का?

बहुतेक जण या प्रश्नाला ‘हो, काही त्रास नाही झाला’ असं उत्तर देतात. तिथे थांबू नका. सुटे सुटे प्रश्न विचारा. शुद्धीवर यायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला होता का? ऑपरेशननंतर मशीनवर ठेवलं होतं का? घशात नळी घालताना अडचण आली असं कुणी सांगितलं होतं का? उलट्यांनी हैराण झाला होतात का? मग घरच्यांबद्दल विचारा: रक्ताच्या नात्यात कुणाला भुलेखाली अचानक खूप ताप आला किंवा मृत्यू झाला, असं काही ऐकलंय का?

शेवटच्या प्रश्नाचं मोल सांगणारी घटना खरी आहे. मेलबर्नमध्ये पाय मोडलेला 21 वर्षांचा एक तरुण रुग्णालयात आला. त्याला पायापेक्षा भुलेचीच भीती जास्त होती, कारण त्याच्या घराण्यात दहा जण ईथरच्या भुलेत दगावले होते. डॉक्टरांनी ईथर टाळून हॅलोथेन वापरलं, तरी त्याचा ताप चढला, नाडी धावू लागली. भूल ताबडतोब थांबवली म्हणून तो वाचला. 1960 मध्ये डेनबरो आणि लव्हेल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पत्र लिहून ही हकीकत मांडली आणि आज आपण ज्याला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतो तो आनुवंशिक आजार जगासमोर आला. एका घाबरलेल्या पेशंटचं बोलणं कुणीतरी नीट ऐकून घेतलं, म्हणून हे शक्य झालं. अशा घराण्यातल्या पेशंटला श्वासातून द्यायच्या भुलेच्या वाफा आणि सक्सामिथोनियम हे स्नायू सैल करणारं औषध, ही दोन्ही टाळायची असतात आणि यावरचा उतारा असलेलं डँट्रोलिन हाताशी ठेवायचं असतं. आधीची एखादी भूल सुरळीत गेली म्हणून हा आजार नाही असं धरून चालत नाही.

सक्सामिथोनियमचा परिणाम साधारणपणे काही मिनिटांत उतरतो. रक्तातलं स्यूडोकोलिनेस्टरेज हे एन्झाइम जन्मतः सदोष असेल तर तोच परिणाम तासन्‌तास टिकतो. ‘मला संध्याकाळपर्यंत मशीनवर ठेवलं होतं, का ते सांगितलं नाही,’ असं कुणी म्हणालं तर जुनी कागदपत्रं मागवा.

उलट्यांसाठी ॲपफेल यांची 1999 मधली चार प्रश्नांची मोजणी पुरेशी आहे: स्त्री असणं, धूम्रपान न करणं, आधी असा त्रास झालेला असणं किंवा गाडी लागणं, आणि ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखी औषधं लागणार असणं. यातलं काहीच नसेल तर शंभरात सुमारे दहा जणांना उलट्या-मळमळ होते, चारही असतील तर सुमारे ऐंशी जणांना. पेशंटला ऑपरेशनपेक्षा याच त्रासाची आठवण जास्त राहते, म्हणून मी ही मोजणी कधी सोडत नाही. आकडा जास्त असेल तर एकाहून अधिक प्रतिबंधक औषधं आणि शक्य तर शिरेतून दिलेली भूल, हे तिथेच लिहून ठेवा.

जिना चढताना काय होतं?

हृदय आणि फुप्फुसं मिळून किती भार पेलतात याचा अंदाज घेण्यासाठी ‘दोन जिने न थांबता चढता का?’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातोय. एवढं जमलं तर क्षमता साधारण 4 मेट मानतात. एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेलं शरीर जितका प्राणवायू वापरतं तितकं माप.

पण हा प्रश्न विचारून आपण मनाशी जो अंदाज बांधतो, तो फार कच्चा असतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेट्स नावाच्या अभ्यासात सुमारे 1400 पेशंट होते. ज्यांची क्षमता खरोखर कमी होती, त्यांतला पाचात एकच डॉक्टरांच्या अंदाजाने ओळखला गेला. चार पेशंट हातातून निसटले. म्हणून अंदाजापेक्षा ठरावीक प्रश्नावली वापरा. ड्यूक ॲक्टिव्हिटी स्टेटस इंडेक्स, म्हणजे ‘डासी’, बारा साध्या प्रश्नांची आहे: स्वतःची आंघोळ-कपडे, सपाट रस्त्यावर चालणं, जिना, घरातली हलकी-जड कामं, खेळ. कमाल गुण 58.2. गुण 34 किंवा त्याहून कमी आले तर मोठ्या ऑपरेशनआधी थांबून विचार करायचा. दोन-तीन मिनिटं लागतात.

जिना न चढण्याचं कारणही विचारा. गुडघे दुखतात म्हणून चढत नाही आणि दम लागतो म्हणून चढत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघ्यांमुळे वर्षभर घरात बसलेल्या माणसाच्या हृदयाची परीक्षाच झालेली नसते. त्याला छातीत कळ येत नाही, कारण कळ येईल इतकं तो चालतच नाही.

हृदयाच्या धोक्यासाठी ली यांचा 1999 मधला निर्देशांक अजून उपयोगी आहे. त्यात सहा बाबी आहेत: छाती, पोट किंवा मांडीच्या सांध्याच्या वरच्या मोठ्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन, हृदयाला रक्तपुरवठा कमी असण्याचा आजार, हार्ट फेल्युअर, पक्षाघात किंवा त्याचा निसटता झटका, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, आणि 2 मिलिग्रॅमहून जास्त क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी). प्रत्येकी एक गुण. दोन किंवा अधिक गुण आणि कमी क्षमता असं एकत्र आलं तर पुढची तपासणी योग्य ठरते. तीही तिच्या निकालाने काही बदलणार असेल तरच.

तारखा विचारायला विसरू नका. हार्ट अटॅक येऊन 60 दिवस झाले नसतील तर ठरवून करायचं ऑपरेशन पुढे ढकला. औषधी स्टेंट स्थिर आजारासाठी बसवला असेल तर 6 महिने आणि अटॅकच्या वेळी बसवला असेल तर शक्यतो 12 महिने थांबतात. पक्षाघातानंतर निदान 3 महिने. पेसमेकर असेल तर तो शेवटचा कधी तपासला, पेशंटच्या हृदयाचे ठोके त्याच्यावरच अवलंबून आहेत का, आणि सर्जन कॉटरी, म्हणजे विजेने रक्त थांबवायचं साधन, कुठे वापरणार, हे तीन प्रश्न.

आणि स्टेथोस्कोप लावा. वृद्ध पेशंटला चालताना भोवळ येत असेल आणि छातीच्या उजव्या वरच्या बाजूला, मानेकडे जाणारी मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू येत असेल, तर महाधमनीची झडप अरुंद झाली असण्याची शंका घ्या. अशा माणसाला मणक्यातली भूल एकदम दिली आणि बीपी कोसळलं तर ते परत वर आणणं फार कठीण जातं. एको कुणासाठी करायचा असं विचाराल तर मी या पेशंटकडे बोट दाखवेन.

श्वास, झोप, सिगारेट

दम्याच्या पेशंटला इतकंच विचारा: गेल्या महिन्यात पंप किती वेळा लागला, रात्री जाग येते का, कधी आयसीयूत जावं लागलं का. छातीत शिट्टी वाजत असेल तर ठरवलेलं ऑपरेशन थांबवा. मुलांची सर्दी हा रोजचा वादाचा विषय. नाक नुसतं वाहतंय, मूल खेळतंय, ताप नाही, तर अनुभवी हातांत पुढे जाता येतं. ताप, दाट पिवळा शेंबूड, छातीतला खोकला असेल तर दोन ते चार आठवडे थांबा. श्वासनलिका त्यानंतरही काही आठवडे चिडखोर राहते, म्हणून आईचं ‘आजच बरं वाटतंय’ हे वाक्य पुरेसं नसतं.

घोरणं हा चेष्टेचा विषय मानून सोडला जातो. झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाला मॉर्फिनसारखी औषधं देऊन वॉर्डात एकटं सोडलं तर पहाटे काय होऊ शकतं याचा विचार करा. ‘स्टॉप-बँग’ प्रश्नावलीत आठ बाबी आहेत: मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिलेलं असणं, बीपी, बीएमआय 35 च्या वर, वय 50 च्या वर, मानेचा घेर 40 सेंटिमीटरच्या वर, पुरुष असणं. तीन ते चार गुण मध्यम धोका, पाच किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे जास्त धोका. श्वास थांबण्याबद्दल पेशंटला विचारून उपयोग नाही, शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा. सीपॅप, म्हणजे झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन, असेल तर ते ऑपरेशनच्या दिवशी बरोबर आणायला सांगा.

सिगारेटबद्दल एक जुना गैरसमज अजून टिकून आहे: ऑपरेशनच्या थोडे दिवस आधी सोडली तर कफ वाढून उलट त्रास होतो. याला पुरावा मिळालेला नाही. चार आठवडे किंवा जास्त मिळाले तर जखम आणि फुप्फुसं दोन्हींना स्पष्ट फायदा होतो. काहीच वेळ नसेल तरी आजपासून सोडायला सांगा, कारण एका दिवसात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड बराच उतरतो आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद परत येते. ऑपरेशनच्या धास्तीने सोडलेली सिगारेट कायमची सुटण्याचीही शक्यता असते. दारूही नेमकी किती आणि शेवटची कधी ते विचारा. रोज पिणाऱ्याची अचानक बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, भ्रम, फिट येऊ शकते आणि सगळे त्याचं खापर भुलेवर फोडतात.

गोळ्यांची पिशवी

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पेशंटने सांगितलेल्या यादीवर विसंबू नका, गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगा. आणि कुठलीही गोळी ‘बंद करा’ म्हणताना कुठल्या तारखेपासून बंद आणि परत कधी सुरू, हे दोन्ही कागदावर लिहून द्या. बंद केलेली गोळी ऑपरेशननंतर कुणीच सुरू न केल्याने होणारं नुकसान टाळता येण्यासारखं असतं.

चालू ठेवायच्या गोळ्या, ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर: बीटा-ब्लॉकर, स्टॅटिन, थायरॉक्सिन, फिटची औषधं, दम्याचे पंप, पार्किन्सनची औषधं. पार्किन्सनच्या गोळीची वेळ चुकली तर शरीर ताठरतं, गिळणं आणि श्वास दोन्ही अवघड होतात. अशा पेशंटला उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, हेही तिथेच ठळक लिहा. बीटा-ब्लॉकरबद्दल एक सावधगिरी: आधीपासून चालू असेल तर चालू ठेवायचा, पण नव्याने ऑपरेशनच्या दिवशी सुरू करायचा नाही. 2008 च्या पॉइज चाचणीत 8 हजारांहून अधिक पेशंट होते. ऑपरेशनच्या काही तास आधी मेटोप्रोलॉल सुरू केल्यावर हार्ट अटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले.

बीपीच्या ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गटातल्या गोळ्यांवर एकमत नाही. त्या चालू ठेवल्या तर भुलेत बीपी जास्त पडतं. 2024 च्या एका मोठ्या चाचणीत मात्र शेवटच्या परिणामांत फरक दिसला नाही. मी स्वतः मोठ्या ऑपरेशनआधी 24 तास त्या थांबवतो, हार्ट फेल्युअरसाठी चालू असतील तर हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवतो.

मधुमेहाच्या गोळ्यांत सर्वांत फसवा गट ‘ग्लिफ्लोझिन’चा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन 3 दिवस आधी, एर्टुग्लिफ्लोझिन 4 दिवस आधी थांबवा. उपाशीपोटी आणि ऑपरेशनच्या ताणात या गोळ्यांमुळे रक्त आम्लधर्मी होतं, पण शुगर जवळजवळ नॉर्मल दिसते. म्हणून ग्लुकोमीटरवर कुणालाच शंका येत नाही. पेशंट दमतो, उलट्या करतो, श्वास वाढतो आणि सगळे दुसरीकडे कारण शोधत बसतात. मेटफॉर्मिन त्या दिवशी सकाळी घेऊ नये एवढं बहुतेकांना पुरतं. रोज एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन पूर्ण बंद करू नका, थोडं कमी करून द्या. टाइप 1 मधुमेहात तर इन्सुलिन कधीच शून्य करायचं नसतं.

सेमाग्लुटाइडसारखी वजन आणि शुगर कमी करणारी इंजेक्शनं पोट रिकामं व्हायला उशीर लावतात. 2023 मध्ये आठवड्याचं इंजेक्शन एक आठवडा आधी थांबवण्याचा सल्ला आला. 2024 मध्ये अनेक संघटनांनी मिळून तो मवाळ केला: बहुतेकांनी चालू ठेवावं, पण नुकताच डोस वाढवलेला असेल किंवा मळमळ-उलट्या, पोट फुगणं असेल तर 24 तास फक्त द्रव आहार आणि भरलेलं पोट गृहीत धरून भूल. या पेशंटला ‘काल रात्रीपासून उपाशी आहे’ एवढं ऐकून निर्धास्त होऊ नका. पोटाची सोनोग्राफी जमत असेल तर करा. वजनासाठी इंजेक्शन घेणारे अनेक जण ते ‘औषध’ मानतच नाहीत, म्हणून नाव घेऊन विचारा.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांत सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ तिघांनी मिळून ठरवणं उत्तम. ढोबळ हिशेब असा. वॉरफॅरिन 5 दिवस आधी बंद आणि आदल्या दिवशी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) तपासून तो 1.5 च्या खाली असल्याची खात्री. पूर्वी मधल्या दिवसांत सर्रास हेपरिनची इंजेक्शनं देत. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफॅरिन घेणाऱ्यांत 2015 च्या ब्रिज चाचणीने दाखवलं की त्याने गाठी कमी होत नाहीत, रक्तस्राव वाढतो. यांत्रिक झडप, त्यातही मायट्रल, असेल तर मात्र गणित वेगळं असतं. ॲपिक्साबॅन आणि रिव्हारॉक्साबॅन कमी रक्तस्रावाच्या ऑपरेशनआधी 1 दिवस, जास्त रक्तस्रावाच्या आधी 2 दिवस बंद. मणक्यात सुई घालायची असेल तर 72 तास. डॅबिगॅट्रान किडनीवाटे जातं, तेव्हा क्रिएटिनिन पाहून आणखी लांबवा. क्लोपिडोग्रेल 5 दिवस, प्रासुग्रेल 7 दिवस, टिकाग्रेलॉर 3 ते 5 दिवस. स्टेंट असलेल्याची ॲस्पिरिन शक्यतो चालू ठेवा. मेंदू, मणक्याची पोकळी, डोळ्याचा मागचा भाग, जिथे थोडं रक्तही घातक ठरतं, तिथला निर्णय वेगळा. हृदयाचा आजारच नसलेल्याने ‘सावधगिरी म्हणून’ घेतलेली ॲस्पिरिन आठवडाभर आधी थांबवायला हरकत नाही.

स्टेरॉइडबद्दल थेट विचारा. रोज 5 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ घेतलं असेल तर शरीराची स्वतःची ग्रंथी सुस्तावलेली असू शकते आणि ऑपरेशनच्या ताणात बीपी सावरत नाही. त्या दिवशी हायड्रोकॉर्टिसोन द्यायची सूचना लिहून ठेवा. जडीबुटीची औषधंही पिशवीत बघा. लसूण, जिन्सेंग, गिंको यांचे अर्क रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतात, ते दोन आठवडे आधी थांबवावेत.

ॲलर्जी लिहिताना नुसतं औषधाचं नाव लिहून चालत नाही, काय झालं होतं तेही लिहा. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्यांतल्या बहुसंख्यांना तपासल्यावर ती नसल्याचं आढळतं. कुणाला फक्त जुलाब झालेले असतात. ‘अंगावर गांध्या, घसा सुजला, दवाखान्यात सुई द्यावी लागली’ आणि ‘पोट बिघडलं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मान, जबडा, दात

आता पेशंटला सरळ बसवा आणि तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढायला सांगा. ‘आ’ म्हणू देऊ नका, टाळू उचलला जाऊन चित्र खोटं दिसतं. मलमपाटी यांनी 1985 मध्ये सांगितलेली ही पाहणी, दोन वर्षांनी सॅमसून आणि यंग यांनी चौथी श्रेणी जोडून आजच्या रूपात आणली: पहिलीत पडजीभ आणि बाजूच्या कमानी पूर्ण दिसतात, चौथीत मऊ टाळूही दिसत नाही. मग बाकीचं: वरच्या-खालच्या दातांत 3 सेंटिमीटर तरी फट पडते का, खालचे दात वरच्या ओठावर नेता येतात का, मान मागे किती वळते, हनुवटीपासून गळ्याच्या घाटीपर्यंत मान ताणून 6 सेंटिमीटरहून कमी अंतर आहे का. हलणारे दात, कवळी, कॅप मोजून लिहा. गळ्यावर रेडिएशन झालं असेल तर हात लावून बघा, कातडी लाकडासारखी लागते.

नळी घालणं अवघड असणं आणि मास्कने श्वास देणं अवघड असणं, दोन्ही वेगवेगळं तपासा. दाढी, दात नसणं, स्थूलपणा, घोरणं, वय 55 च्या वर, यांनी मास्क नीट बसत नाही. दोन्ही एकत्र अवघड असलेला पेशंट सर्वांत धोक्याचा, आणि तो ओटीत नव्हे, या खुर्चीत ओळखायचा असतो.

तरीही या चाचण्यांवर पूर्ण भरवसा ठेवू नका. डेन्मार्कमधल्या 1,88,064 पेशंटच्या नोंदी 2015 मध्ये तपासल्या गेल्या. नळी घालणं अवघड गेलेले 3,391 पेशंट निघाले आणि त्यांतले 93 टक्के आधी ओळखलेच गेले नव्हते. म्हणून ‘श्वासमार्ग सोपा वाटतो’ असं लिहिलं तरी दुसरी-तिसरी योजना प्रत्येकासाठी ठरलेली असावी.

कोणत्या तपासण्या, आणि कोणत्या नकोत

मोतीबिंदूच्या 19 हजारांहून अधिक ऑपरेशनांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या ईसीजी-रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या केल्या, निम्म्यांच्या नाही. गुंतागुंत दोन्ही गटांत सारखीच निघाली. तरीही ‘सगळ्यांचं सगळं’ करण्याची सवय सुटत नाही. नको असलेली तपासणी फुकट जाते एवढंच नसतं. निरोगी माणसाच्या वीस तपासण्या केल्या की एखादा आकडा रेषेबाहेर जातोच, त्याच्या मागे धावत ऑपरेशन लांबतं आणि पेशंट उगीच घाबरतो.

छोट्या ऑपरेशनसाठी आलेल्या निरोगी तरुणाला बहुतेकदा कुठलीच तपासणी लागत नाही. रक्त जाणार असेल तर हिमोग्लोबिन आणि रक्तगट. किडनी, बीपी, मधुमेह किंवा त्यांची औषधं असतील तर क्रिएटिनिन आणि क्षार. हृदयाचा आजार असेल किंवा मोठं ऑपरेशन असेल तर ईसीजी. रक्त गोठण्याची चाचणी वॉरफॅरिन, यकृताचा आजार किंवा दात काढल्यावर रक्त न थांबल्याचा इतिहास असेल तरच. गर्भधारणा शक्य असलेल्या स्त्रीला एकटीला विचारा आणि तिच्या संमतीने चाचणी करा. सासू किंवा नवरा खोलीत असताना खरं उत्तर मिळेलच असं नाही.

जे सुधारता येतं

रक्तक्षयाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. मोठ्या ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन 13 च्या खाली असेल तर, पुरुष असो वा स्त्री, कारण शोधावं असं 2017 च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत म्हटलं आहे. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, 30 च्या खाली असेल तर लोह कमी आहे हे नक्की. सहा-आठ आठवडे हातात असतील तर गोळ्या, कमी असतील तर शिरेतून लोह. शिरेतल्या लोहाने सगळं साधतं असं मात्र नाही. 2020 च्या प्रीव्हेंट चाचणीत पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी ते सरसकट दिल्याने रक्त देण्याची गरज घटली नाही. म्हणून आधी कारण शोधा. वयस्कर माणसाचं लोह आतड्यातल्या गाठीतून झिरपत असू शकतं.

एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, 8.5 च्या वर असेल तर ठरवलेलं ऑपरेशन काही आठवडे पुढे नेऊन शुगर आटोक्यात आणणं योग्य. बीपीवरून ऑपरेशन रद्द करण्याचा मोह आवरा: तुमच्या खोलीत मोजलेलं बीपी 180/110 च्या खाली असेल तर पुढे जाता येतं. ओटीच्या दारात घाबरून वाढलेलं बीपी गोळी देऊन घाईने पाडू नये.

वृद्धांत वयाच्या आकड्यापेक्षा दुबळेपणा जास्त सांगून जातो. रॉकवूड यांच्या मापात 1 ते 9 पायऱ्या आहेत. पाच आणि पुढे, म्हणजे बाहेरच्या कामांना मदत लागू लागली की, ऑपरेशननंतर भ्रम, पडणं आणि परावलंबन वाढतं. खुर्चीतून उठून चालत येताना त्यांच्याकडे बघा. मग तीन शब्द सांगा, घड्याळ काढायला लावा, पुन्हा ते शब्द विचारा. शब्दांना तीन आणि घड्याळाला दोन अशा पाचपैकी तीनपेक्षा कमी गुण आले तर नातेवाइकांना आधीच सांगा की ऑपरेशननंतर दोन-चार दिवस ते गोंधळू शकतात. चष्मा, श्रवणयंत्र, ओळखीचं माणूस जवळ ठेवा. झोपेच्या गोळ्या टाळायची सूचना वॉर्डसाठी लिहा. आणि या माणसाला या ऑपरेशनमधून नेमकं काय हवंय, हे त्यालाच विचारा. कधी उत्तर असं येतं की ऑपरेशनच नको हेच बरोबर ठरतं.

उपाशी किती वेळ

‘रात्री बारानंतर काही नाही’ हे वाक्य सोडून द्या. दुपारी तीनला ऑपरेशन असलेला माणूस पंधरा तास तहानलेला ठेवण्याला आधार नाही. पाणी, दूध नसलेला चहा, गर नसलेला रस 2 तास आधीपर्यंत. आईचं दूध 4 तास. इतर दूध आणि हलका आहार 6 तास. तळलेलं, जड 8 तास. पोट उशिरा रिकामं होणाऱ्यांना, म्हणजे आतड्याचा अडथळा, प्रसूतीच्या कळा, जुना मधुमेह, वर सांगितलेली इंजेक्शनं, हे तास पुरेसे समजू नका. वेळ घड्याळाच्या आकड्यात लिहून द्या: ‘सकाळी 6 पर्यंत पाणी चालेल.’ ‘दोन तास आधी’ असं लिहिलं तर ऑपरेशन किती वाजता ते पेशंटला माहीत नसतं.

कागदावर काय उतरवायचं

एएसए, म्हणजे अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेची, श्रेणी लिहा, पण ती पेशंटच्या आजारांची पायरी सांगते, ऑपरेशनचा धोका त्यात धरलेला नाही. निरोगी 1, आटोक्यातला आजार 2, गंभीर आजार 3, जिवाला सतत धोका असलेला आजार 4. तीन महिन्यांच्या आतला हार्ट अटॅक चौथ्यात, त्याआधीचा तिसऱ्यात.

श्रेणीच्या खाली खरी नोंद: कोणते धोके, कशासाठी थांबलो, कोणती गोळी कोणत्या तारखेला बंद, कोणती भूल ठरवली आणि ती फसली तर पुढे काय, रक्त राखून ठेवायचं का, नंतर वॉर्ड की आयसीयू. ही नोंद रात्री दोन वाजता तुम्हाला न ओळखणाऱ्या डॉक्टरला वाचता आली पाहिजे.

पेशंटशी बोलताना नेहमी घडणारं आणि क्वचित पण गंभीर, दोन्ही सांगा. घसा खवखवेल, मळमळेल, दाताला इजा होऊ शकते. आयसीयूची शक्यता असेल तर आजच सांगा, दुसऱ्या दिवशी काचेपलीकडे उभ्या असलेल्या मुलीला ते पहिल्यांदा कळता कामा नये. मग थांबा आणि विचारा, “सगळ्यात जास्त भीती कशाची वाटतेय?” मला बहुतेकदा ‘मध्येच जाग येईल का’ किंवा ‘परत उठेन ना’ असं उत्तर मिळतं. घाईत ‘काही होत नाही’ म्हणून ते मोडून काढू नका.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सगळं एकदा पुन्हा: नाव, कुठली बाजू, शेवटचं पाणी आणि जेवण कधी, कुठल्या गोळ्या सकाळी घेतल्या, काल रात्रीपासून ताप-खोकला आहे का, हलणारा दात अजून आहे का, ॲलर्जी, 500 मिलिलिटरहून जास्त रक्त जाणार असेल तर रक्त आलं का. प्रश्न स्वतः विचारा, फाईलकडे बघून मान डोलावू नका. तीन आठवड्यांपूर्वी ‘ग्लिफ्लोझिन बंद करा’ म्हणून लिहून दिलेला पेशंट, ‘डॉक्टर, कालपर्यंत घेतली, चिठ्ठी मुलाकडे होती,’ असं ओटीच्या दाराशीच सांगतो.